वरची खोली परत द्या : सभागृहाच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,
सार्वजनिक सभागृह, सोलापूर

विषय : ठोकळ्यांच्या रचनांसाठी वरची खोली न देण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आपल्या सूचनाफलकावर दोन ओळींची सूचना लागली आहे. खेळण्यांचे उपक्रम सभागृहाच्या उद्देशात बसत नाहीत, म्हणून वरची खोली यापुढे त्यांना मिळणार नाही आणि जानेवारीतल्या प्रदर्शनाचं आरक्षण रद्द समजावं, असं त्यात म्हटलं आहे. सूचनेत कोणाचं नाव नाही. पण महिन्यातल्या एका रविवारी त्या खोलीत बसून लेगोच्या आणि तशाच इतर ठोकळ्यांच्या रचना करणारा गट आमचाच आहे, त्यामुळे ती कोणासाठी आहे हे सगळ्यांना कळलं.

आम्ही अर्ज दिले. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. भेटीची वेळ मागितली, तर 'निर्णय झालेला आहे' एवढंच सांगण्यात आलं. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहे. सभागृहाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझी तक्रार या निर्णयाबद्दल आहे. ज्या वास्तूने आम्हाला इतके दिवस जागा दिली, तिची बदनामी व्हावी अशी माझी इच्छा नाही.

मी एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात डिझाइन विभागात काम करतो. दिवसभर संगणकावर नक्षी बसवायची आणि महिन्यातून एकदा त्या खोलीत यायचं, हे माझ्या आयुष्यातलं फार मोलाचं काम आहे. आमच्या गटात रेल्वेच्या सिग्नल विभागातले एक गृहस्थ आहेत, बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई आहेत, सिव्हिल इंजिनीअरिंगची मुलं आहेत, आठवी-नववीतली पोरं आहेत. आणि पूर्व भागातले अण्णा आहेत. त्यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्या खोलीत काय चालतं हे त्याशिवाय कळणार नाही.

अण्णांनी उमेदीची सगळी वर्षं जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं पाडण्यात घालवली. चादरीवरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते. एकेक चौकोन म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याचा एकेक छेद. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथे सुई आत जाते, हूक उचलला जातो आणि त्याचा धागा वर येतो. फ्रान्समधल्या ल्यों शहरात 1804 च्या सुमारास जकार नावाच्या माणसाने बसवलेली ही युक्ती सोलापूरच्या चादरीने घरोघरी पोचवली. पुढे इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं आणि पुठ्ठ्याच्या कार्डांची गरज उरली नाही. अण्णांचं काम सुटलं, नजर मात्र तशीच राहिली.

नातवाला सोडायला म्हणून ते पहिल्यांदा वर आले. टेबलावर बेसप्लेट, म्हणजे रचनेखालची सपाट पाटी होती, अठ्ठेचाळीस बाय अठ्ठेचाळीस स्टडची. स्टड म्हणजे ठोकळा ज्यांच्यावर अडकतो ते छोटे गोल उंचवटे. तिच्यावरून हात फिरवून म्हणाले, "हा तर ग्राफच आहे की!" त्या प्लेटवर 2304 स्टड असतात. अण्णांनी कागद-पेन्सिल न घेता किनारीपासून सुरुवात केली आणि चादरीवरचा मोर बसवत गेले. पोरं हातातलं काम टाकून त्यांच्याभोवती उभी राहिली होती.

खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. एका मुलाला ठोकळ्यांच्या उभ्या भिंतीत रंगांनी गोल काढायचा होता. आडवे जितके ठोकळे तितकेच उभे थर, असा हिशेब त्याने धरला होता. गोल उभट आला. त्याने सगळं उचकटून पुन्हा लावलं, तरी उभटच. अण्णा म्हणाले, "चौकोन सारखा नाही रे बाळ. धाग्याचंपण असंच असतं. उभे धागे दाट, आडवे विरळ, मग नक्षी ताणून दिसते. कागदावरच आधी दाबून घ्यायची." आणि त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. एका स्टडपासून दुसऱ्या स्टडपर्यंत 8 मिलिमीटर, ठोकळ्याची उंची मात्र 9.6 मिलिमीटर. म्हणजे सहा स्टडच्या रुंदीला पाच थरांचीच उंची पुरते, दोन्हीकडे 48 मिलिमीटर. त्या मुलाने सहाच्या जागी पाच थर धरले आणि गोल गोल आला. शाळेत त्याला गुणोत्तर कोणी शिकवलं नव्हतं असं नाही. पण ते त्या दिवशी त्याच्या हातात आलं, एका निवृत्त कामगाराच्या तोंडून, आपल्या सभागृहाच्या वरच्या खोलीत.

आपल्या दारावरच्या फलकावर संस्थेचे उद्देश रंगवलेले आहेत : कला, साहित्य आणि लोकशिक्षण. मी त्या फलकाखाली उभा राहून ते पुन्हा वाचले. वर लिहिलं ते लोकशिक्षणात बसत नसेल, तर काय बसतं हे मंडळाने आम्हाला सांगावं.

आता कलेबद्दल. रांगोळीला ती खोली मिळते, बोन्सायला मिळते, जुन्या नाण्यांच्या आणि तिकिटांच्या प्रदर्शनाला मिळते. ती मिळायलाच हवी, मीही ती प्रदर्शनं आवडीने पाहतो. मग आम्हीच बाहेर का? चिनी कलावंत आय वेइवेइ यांनी 2014 साली अमेरिकेतल्या अल्काट्राझच्या जुन्या तुरुंगात राजकीय कैद्यांची आणि देशाबाहेर राहावं लागलेल्यांची पावणेदोनशेवर चित्रं याच ठोकळ्यांतून जमिनीवर मांडली. 2023 साली लंडनच्या डिझाइन म्युझियममध्ये त्यांचं पंधरा मीटर लांबीचं कमळांचं चित्र लागलं, तेही ठोकळ्यांचंच. आम्ही त्यांच्या पंक्तीला बसतो असा आमचा दावा मुळीच नाही. पण साधन खेळण्याचं आहे एवढ्यावरून काम कलेबाहेर ढकलता येत नाही, हे मंडळाने समजून घ्यावं.

आणि आम्ही काय रचतो हेही आपण पाहिलेलं नाही, असं मला वाटतं. पेटीवरचं चित्र पाहून पानापानाने जोडायची वस्तू आम्ही खोलीत आणत नाही. तिथे येतं ते स्वतःच्या डोक्यातून निघालेलं. जगभरचे शौकीन त्याला मॉक म्हणतात (इंग्रजीतल्या 'माय ओन क्रिएशन'चं लघुरूप), आम्हीही तेच म्हणतो. सिद्धेश्वराचं मंदिर आणि भोवतीचं तळं झालं, पाण्यासाठी पारदर्शक निळ्या टाइल, म्हणजे वर स्टड नसलेले गुळगुळीत तुकडे, जमवता जमवता कितीतरी महिने गेले. भुईकोटाचे बुरूज झाले, राखाडी रंगाच्या तीन छटा मिसळून, नाहीतर दगड जुना दिसत नाही. आप्पासाहेब वारदांनी बांधलेलं इंद्रभुवन झालं. त्याच्या दर्शनी बाजूची नक्षी स्टड वर ठेवून जमतच नव्हती, म्हणून ठोकळे आडवे वळवून लावले. पाच प्लेटची, म्हणजे पातळ ठोकळ्यांची, उंची 16 मिलिमीटर आणि दोन स्टडची रुंदीही 16 मिलिमीटर, या एका मेळावर ती अख्खी भिंत उभी होती. तो मेळ इंजिनीअरिंगच्या मुलांनी शोधला आणि मग शाळेतल्या पोरांना शिकवला.

गेल्या जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत आम्ही नंदीध्वजांची, म्हणजे त्या यात्रेतल्या उंच सजवलेल्या काठ्यांची, मिरवणूक मांडली होती. सातही नंदीध्वज, आणि पुढे-मागे पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. चार सेंटिमीटरच्या बाहुल्यांचे सगळे धड पांढरे मिळवायला गटातल्या प्रत्येकाने आपापली पेटी रिकामी केली होती. शेजारच्या टेबलावर जुन्या मिलची चिमणी होती, 1877 च्या त्या मिलची जी आज आपल्या शहरात नाही. ती पाहून एक आजी तिथेच बसल्या आणि पाळी सुटल्यावर माणसं कुठल्या बाजूने बाहेर पडायची हे त्यांच्या सासऱ्यांनी सांगितलेलं त्या आम्हाला सांगत राहिल्या. आमचं फाटक चुकीच्या भिंतीत होतं. मुलांनी त्यांच्यासमोर ते काढून दुसऱ्या बाजूला बसवलं. आपलं काम लोकांसमोर ठेवण्यात आम्हाला रस आहे तो याच्यासाठी. घरी एकट्याने बांधलेल्या वस्तूला असं कोणी दुरुस्त करत नाही.

मंडळाचा दुसरा आक्षेप तोंडी कानावर आला : ही एका परदेशी कंपनीची जाहिरात आहे, म्हणून परवानगी द्यायचीच तर व्यापारी दराने द्यावी. हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण त्यात आमच्या हेतूवर शंका आहे.

लेगो डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची. 1932 साली एका सुताराने सुरू केलेली. आज आपण पाहतो त्या ठोकळ्याचं, म्हणजे वर स्टड आणि आत नळ्या असलेल्या रचनेचं पेटंट 28 जानेवारी 1958 चं. पण एकमेकांत बसणारे ठोकळे त्याआधी हिलरी पेज या इंग्रज माणसाने बनवले होते. पेटंटची मुदत केव्हाच संपली. ठोकळ्याचा आकार कोणा एकाच्या व्यापारचिन्हात बांधून ठेवता येणार नाही, असं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2010 साली सांगितलं. आज भारतातही एकमेकांत बसणारे ठोकळे तयार होतात आणि आमच्या टेबलावर ते सगळे एकत्र असतात. आम्ही काही विकत नाही. कुठल्याही कंपनीचा फलक लावत नाही. कंपनीकडून एक रुपया घेतलेला नाही. चित्रकलेच्या प्रदर्शनात रंगांच्या कंपनीमुळे व्यापारी दर लावला जात नाही, मग आम्हालाच का?

या छंदात वाटून घेण्याची रीत मुळातच आहे. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन या तरुणाने 1995 साली संगणकावर ठोकळे जोडून पाहण्याची एल-ड्रॉ ही व्यवस्था तयार केली आणि ती सगळ्यांना फुकट दिली. 1997 साली तो गेला. त्यानंतर जगभरच्या शौकिनांनी ती पुढे चालवली, अजून चालवत आहेत. आमचं इंद्रभुवन आधी त्याच पद्धतीच्या आराखड्यात उभं राहिलं, मग टेबलावर आलं. तो आराखडा आम्ही पुण्यातल्या शौकिनांना पाठवला. त्यांनी एका कमानीची जोडणी आमच्यापेक्षा चांगली करून परत धाडली आणि आम्ही ती तशीच घेतली. सोलापूरची वास्तू सोलापूरबाहेरची मुलं ठोकळ्याठोकळ्याने शिकली. या शहरासाठी ही चांगलीच गोष्ट आहे.

आता कपाटाबद्दल, आणि हे लिहिताना मला त्रास होतो.

खोलीतलं काचेचं कपाट आपल्याच मागच्या मंडळाने आम्हाला वापरायला दिलं होतं. त्यात पूर्ण झालेल्या रचना असायच्या आणि खालच्या दोन खणांत गटाचे सामाईक ठोकळे, रंगांप्रमाणे डब्यांत लावलेले. सूचना लागल्यानंतरच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा कपाट रिकामं होतं. सगळं दोन पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवलेलं होतं. इंद्रभुवनची भिंत तुकड्यातुकड्यांनी हाताला लागली. तळ्याच्या पारदर्शक टाइलवर ओरखडे उठलेले. डब्यांतले ठोकळे एकत्र होऊन त्यात कचरा, टाचण्या, खडूचे तुकडे. अण्णांच्या मोराची बेसप्लेट वाकलेली होती. ते काही बोलले नाहीत. जिन्यावर बसून पोत्यातून निळ्या प्लेट वेचायला लागले, आणि मग आम्ही सगळेच बसलो.

सफाई करणाऱ्या मावशींना कोणी बोल लावू नये, त्यांना सांगितलं तसं त्यांनी केलं. पण सांगणाऱ्याने आम्हाला एक फोन करायला हवा होता. आमचे नंबर कार्यालयाच्या वहीत आहेत.

या ठोकळ्यांची किंमत काय असते तेही सांगतो. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची सीमाशुल्काची टक्केवारी 2020 मध्ये 20 वरून 60 झाली आणि 2023 मध्ये 70. देशातल्या खेळणीउद्योगासाठी ते धोरण असेल, त्यावर मी इथे बोलत नाही. पण त्यामुळे मोठा संच ही आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी परवडणारी वस्तू राहिलेली नाही. म्हणून तर सामाईक डबे. कोणी जुने ठोकळे आणून देतं, कोणी दिवाळीच्या बोनसमधून एक पिशवी घेतं, कोणाचा मुलगा परदेशातून येताना सुटे भाग आणतो. ज्या पोरांकडे स्वतःचे मूठभरसुद्धा ठोकळे नाहीत, ती त्या डब्यांवर काम करतात. 1958 सालचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात घट्ट बसतो, त्यामुळे दिलेला एकही तुकडा वाया जात नाही. दोन बाय चार स्टडचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले, तर ते 91 कोटी 51 लाखांहून जास्त प्रकारे जोडता येतात, हे गणितज्ञांनी मोजून ठेवलेलं आहे. गरीब घरातल्या मुलाला सहा ठोकळे दिले तरी खूप काही दिल्यासारखं होतं, ते यामुळे. खोली बंद झाली तर माझं फार बिघडणार नाही, माझ्या घरी टेबल आहे. ज्यांच्या घरात माग आहे आणि उरलेल्या जागेत सहा माणसं झोपतात, त्या मुलांची जागा जाते.

आवाजाची तक्रार होती, ती रास्त होती. खाली वाचनकक्ष आहे आणि डबा पालथा केला की फरशीवर मोठा आवाज होतो. त्यावर उपाय झाला आहे. आता आम्ही आधी जाड चादर अंथरतो, ठोकळे तिच्यावर ओततो आणि निघताना चारी कोपरे धरून उचलतो, म्हणजे आवाजही नाही आणि फरशीवर तुकडाही राहत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांना सुट्या तुकड्यांच्या टेबलाजवळ आम्ही पहिल्यापासून येऊ देत नाही. आणखी काही अडचण असेल तर ती आमच्यापर्यंत आलेली नाही.

आमच्या मागण्या अशा :

सूचना मागे घ्यावी. ते लगेच शक्य नसेल, तर निदान अंतिम निर्णयाआधी मंडळाने आम्हाला समोर बोलावून ऐकून घ्यावं. आम्ही रचना बरोबर आणू, आपण हातात घेऊन पाहाव्यात.

महिन्यातला एक रविवार वरची खोली पूर्वीप्रमाणे मिळावी, आणि इतर कला-छंदांच्या गटांना जो दर आहे तोच आम्हाला लावावा. अनामत रक्कम भरायला आम्ही तयार आहोत. विक्री नाही, जाहिरात नाही, खोली झाडून देऊ, हे लेखी देऊ.

जानेवारीतलं प्रदर्शनाचं आरक्षण कायम ठेवावं. त्याची रक्कम आम्ही आधीच भरली आहे आणि पावती आमच्याकडे आहे.

कपाट कोणाच्या सांगण्यावरून रिकामं झालं याची नोंद करून आम्हाला लेखी कळवावं. भरपाई मागत नाही. कपाट परत वापरायला मिळावं आणि पुढे कुठल्याही गटाचं सामान हलवायचं असेल तर आठ दिवस आधी कळवण्याचा नियम करावा. आज आमचं सामान होतं, उद्या तबलेवाल्यांचं असेल.

आणि शेवटचं. कुठला उपक्रम उद्देशात बसतो आणि कुठला नाही, हे ठरवण्याचे निकष फलकावर लावावेत. सभागृह लोकवर्गणीतून उभं राहिलेलं आहे, लोकांना ते निकष कळायला हवेत.

वाचकांना एक विनंती. आपल्याला हे पटत असेल तर कार्यालयात जाऊन अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी लिहा. कर्मचाऱ्यांशी वाद घालू नका, कोणाला वाईटसाईट बोलू नका. आमचं प्रदर्शन पाहिलं असेल तर काय पाहिलं तेवढंच लिहा.

विश्वस्तांना हेही सांगायचं आहे की नंदीध्वजांची मिरवणूक पुन्हा मांडायला आम्हाला किमान सहा आठवडे लागतात, आणि या वेळी मोडलेलं इंद्रभुवनही नव्याने उभं करायचं आहे. म्हणून नोव्हेंबर संपायच्या आत उत्तर मिळावं. बैठक ठेवणार असाल तर रविवारी किंवा इतर दिवशी संध्याकाळी सहानंतर ठेवा. पोरांची शाळा बुडणार नाही आणि त्यांनाही स्वतःचं म्हणणं मांडता येईल.

आपला,
गटाचा एक सभासद
जुळे सोलापूर